क्लोरीन टाका हो, पण आकडा सांगा

पाणीपुरवठा खात्यातले सगळे साहेब, म्हणजे फिल्टर प्लांटवरचे, वॉर्ड ऑफिसातले आणि लॅबमधले (लॅबमधले तर खास),

नमस्कार. खात्याचं आणि शहराचं नाव मुद्दाम टाकत नाहीये. एक तर मला भांडायचं नाही, आणि दुसरं म्हणजे हे पत्र कुठल्याही शहराला चालेल असं वाटतंय, तेव्हा वाचणाऱ्याने आपापलं नाव वर लिहून घ्यावं.

आधी कबुली देतो. आमच्या सोसायटीत क्लोरीनवरून जी बोंबाबोंब झाली ती माझ्यामुळे झाली. जुलैचा दुसरा आठवडा होता, धरणात नवीन पाणी आलेलं, नळाला गढूळ नाही पण वास असा की स्विमिंग टँकच्या काठावर बसून चहा पितोय. रविवार होता म्हणून लेकीच्या फिश टँकचं पाणी बदलायला घेतलं. एरवी आदल्या रात्री बादली भरून ठेवायचो, त्या दिवशी कंटाळा केला आणि नळाचं पाणी डायरेक्ट ओतलं. दोन गोल्डफिश होते. तासाभरात दोघंही वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले, जेवायच्या आधी उलटे. मी काय केलं, तर फोटो काढला, सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "हेच पाणी आपण पितोय."

झालं. मध्यरात्रीपर्यंत फोन गरम. क्लोरीन म्हणजे पहिल्या महायुद्धात वापरलेला विषारी गॅस (हे खरंय, १९१५ साली बेल्जियममधल्या इप्रला वापरला होता), क्लोरीनने कॅन्सर होतो, केस गळतात, थायरॉईड होतो, कुणी तर गुडघेदुखी पण त्याच्यावर ढकलली. आठवड्यात चार घरांत आरओ बसले, ते एक वेळ ठीक, पण दोन घरांनी नळाचं पाणी सोडून सोसायटीच्या बोअरचं पाणी प्यायला सुरुवात केली, का तर ते 'नॅचरल'. पंधरा दिवसांत त्यातल्या एका घरातली दोन्ही पोरं जुलाबाने आडवी, सलाईन लावायला लागलं. बोअरमुळेच झालं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही, बाहेरची पाणीपुरीही असेल, पण मला दोन रात्री नीट झोप लागली नाही. म्हणून हे पत्र. फोटो टाकायला दहा सेकंद लागले, निस्तरायला अडीच महिने चाललेत.

पहिला धडा मासेवाल्याने दिला. नवीन मासे घ्यायला गेलो तर तो हसलाच, म्हणाला, "साहेब, मासा पाणी पीत नाही, मासा पाण्यातून श्वास घेतो." क्लोरीन सरळ त्याच्या कल्ल्यांना भाजतं. आपण पितो तेव्हा तोंडातली लाळ, पोटातलं अन्न, आम्ल यांच्याशी क्लोरीनची गाठ पडते आणि ते तिथेच खर्च होतं. त्याने हायपोची (क्लोरीन मारणाऱ्या औषधाची) छोटी बाटली दिली, दोन थेंब टाका म्हणे बादलीत. मासे जगायला हवेत तर क्लोरीन काढा आणि माणसं जगायला हवीत तर क्लोरीन टाका, एवढा साधा हिशेब मला त्या दुकानात उभं राहून कळला.

आता तुमच्या बाजूने बोलतो, म्हणजे पुढचं बोलायला मला तोंड राहील. आमच्या गावात वेशीबाहेर मरीआईचं देऊळ आहे, तुमच्याही गावात असणार, महाराष्ट्रात ज्या गावाला मरीआई नाही असं गाव शोधायला लागेल. माझी आजी कॉलऱ्याला कधी कॉलरा म्हणाली नाही, 'पटकी' म्हणायची, आणि तो शब्द उच्चारताना आवाज खाली आणायची, जणू ऐकलं तर येईल. एकेका घरातून दोन-दोन तिरड्या गेलेल्या तिने बघितल्या होत्या. ती मरीआई आता वर्षातून एकदा नैवेद्यापुरती उरली त्यात देवीच्या कृपेचा वाटा किती आणि टीसीएल (ब्लीचिंग) पावडरीच्या गोणीचा किती हे मी सांगायला नको. आषाढीला लाखो माणसं पायी चालतात, वाटेतल्या विहिरी-टँकरचं पाणी पितात, आरोग्य खात्याची माणसं पालखीच्या पुढे पुढे जाऊन पाणी तपासतात, म्हणून पंढरपूर आज पटकीसाठी ओळखलं जात नाही. एकेकाळी ओळखलं जायचं.

आणि फार मागे कशाला जायचं. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याला सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात जीबीएसचे (गुलियन बॅरे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे) पेशंट एकदम वाढले, हातापायातली ताकदच जायची, काही जण थेट व्हेंटिलेटरवर, आणि पेशंटांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू सापडला. हा जंतू क्लोरीनपुढे टिकत नाही, साध्या डोसला मरतो. तोपर्यंत 'पाण्यात क्लोरीन जास्त आहे का' हे विचारणारी माणसं त्या महिन्यात 'पाण्यात क्लोरीन आहे का' हे विचारायला लागली. तेव्हा काही खाजगी आरओ प्लांटही बंद केले गेले. आरओमधून निघालेल्या पाण्यात क्लोरीन उरत नाही आणि पुढे जारमध्ये, टाकीत, गिऱ्हाइकाच्या पेल्यात काहीही शिरलं तरी त्याला अडवणारं कुणी नसतं. आमच्या नवीन चार आरओवाल्यांना हे मी सांगितलं तर त्यातल्या एकाने मला ब्लॉक केलं. असो.

तर क्लोरीन बंद करा असं कुणी तुमच्याकडे अर्ज घेऊन आलं तर त्याला चहा पाजून परत पाठवा. माझी मागणी ती नाही.

माझी मागणी आकड्याची आहे. भारतीय मानक, आयएस १०५००, सांगतं की नळाशी पोचलेल्या पाण्यात मोकळं (म्हणजे कशाशी न जुळता शिल्लक राहिलेलं) क्लोरीन लिटरमागे कमीत कमी ०.२ मिलिग्रॅम हवं, आणि जास्तीत जास्त १ पर्यंत चालेल. जागतिक आरोग्य संघटनेची वरची मर्यादा तर ५ आहे, अमेरिकेची ४. म्हणजे आपलं मानक त्यांच्यापेक्षा कडक आहे, हे मला माहीत नव्हतं, वाचून बरं वाटलं. आणि काही नाकांना वास ०.३ पासूनच येतो, म्हणजे वास येतो आणि अपाय होतो यात बरंच अंतर आहे. हे साधं वाक्य तुमच्या खात्याने पाणीपट्टीच्या बिलामागे छापलं असतं तर माझा फोटो इतका फिरला नसता.

पण मी फोन केला तेव्हा काय उत्तर मिळालं? "वास येतोय म्हणजे पाणी शुद्ध आहे, निर्धास्त प्या." बरं. ऑगस्टमध्ये वास अजिबात नव्हता म्हणून परत फोन केला, तर दुसऱ्या साहेबांनी सांगितलं, "वास नाही म्हणजे पाणी शुद्ध आहे." दोन्ही साहेबांशी माझं काही वैर नाही, पण दोघांपैकी एक तरी चूक असणार ना. आणि खरं तर दोघंही चूक असू शकतात, कारण तो उग्र वास बऱ्याचदा मोकळ्या क्लोरीनचा नसतोच, क्लोरीन अमोनियाशी जुळून जी क्लोरामाइन्स तयार होतात त्यांचा असतो, आणि अमोनिया पाण्यात कुठून येतो तर सांडपाण्यातून. म्हणजे कधी कधी वास येतो तो क्लोरीन जास्त झालं म्हणून नाही, घाणीच्या मानाने कमी पडलं म्हणून. दिल्लीत यमुनेत अमोनिया वाढला की वझिराबाद, चंद्रावळचे प्लांट बंद ठेवायची किंवा उत्पादन कमी करायची वेळ येते ती याच भानगडीतून. नाकावर विसंबून चालत नाही, मोजायलाच लागतं.

म्हणून मी मोजायला लागलो. स्विमिंग पूलचं सामान विकणाऱ्या एका दुकानातून क्लोरीन मोजायच्या ओटी (ऑर्थोटोलिडिन) सोल्युशनची बाटली आणि रंगांची पट्टी असलेली ती प्लॅस्टिकची डबी आणली. काचेच्या नळीत पाणी, त्यात थेंब, पांढऱ्या कागदासमोर धरायचं. क्लोरीन असेल तर पिवळं होतं, फिकट लिंबासारखं म्हणजे थोडं, हळदीच्या दुधासारखं म्हणजे बरं, आणि नारंगी झालं तर डोस हात सैल सोडून पडलाय. लगेच बघायचं, दहा सेकंदात आलेला रंग मोकळ्या क्लोरीनचा, नंतर हळूहळू गडद होत गेला तर ते जुळलेलं क्लोरीन. (ते नळीतलं पाणी नंतर फेकून द्यायचं, झाडालाही घालायचं नाही, ते सोल्युशन काही चांगलं नव्हे.) रोज सकाळी साडेसहाला चावीवाला पाणी सोडतो, तेव्हा लुंगीवर खाली जाऊन गेटजवळच्या डायरेक्ट लाइनच्या नळाचं पाणी घ्यायचो आणि आकडा कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहायचो. बायकोने दोनदा एक्स्ट्रा दूध समजून दूधवाल्याशी वाद घातला.

कालनिर्णयचं ते पान आता माझ्यासमोर आहे. कुठे ०.५, कुठे ०.२, सलग तीन दिवस काहीच नाही, मग एकदम नारंगी, म्हणजे पट्टीच्या पलीकडे, त्या दिवशी शेजारच्या बिल्डिंगमधल्या एका बाळाला अंगभर पुरळ आणि आमच्या मजल्यावरच्या एकीचा जुना एक्झिमा परत उसळला. पुन्हा सांगतो, एका दिवसाच्या योगायोगावर मी केस उभी करत नाही. पण त्वचा कोरडी असणाऱ्याला, एक्झिमा असणाऱ्याला क्लोरीनच्या पाण्याने त्रास वाढू शकतो हे काही व्हॉट्सअॅपचं ज्ञान नाही. मला दिसतंय ते असं की डोस सरासरीने बरोबर असेलही, पण सरासरी कुणी पीत नाही. सोमवारी शून्य आणि गुरुवारी दुप्पट याची सरासरी कागदावर छान येते, सोमवारी पोट बिघडतं आणि गुरुवारी कातडी.

इथे अजून एक कबुली. एक दिवस सहज म्हणून स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी तपासलं, त्याच दिवशी गेटवर ०.५ होतं, आणि आमच्या ओट्यावर शून्य. म्हणजे तुम्ही पाठवलेलं क्लोरीन आमच्या अंडरग्राउंड टाकीत आणि गच्चीवरच्या टाकीत संपत होतं. टाकी उघडली तर तळाला चार बोटं गाळ, आणि झाकणाच्या कडेला झुरळांची वसाहत. शेवटची कधी धुतली होती हे चेअरमनना पण आठवेना. तर हा वाटा आमचा, तुमचा नाही. तसंच नळाला डायरेक्ट मोटर लावून ओढणारे आमच्या गल्लीत निदान सहा जण आहेत, लाइनमध्ये पाणी नसताना ती मोटर बाजूच्या गटाराचं पाणी सांध्यातून आत ओढते हे त्यांना पटत नाही. तेही तुमच्या माथी मारत नाही.

आता ज्या भीतीने लोक आरओच्या शोरूमला पळतात त्या कॅन्सरबद्दल. यात सगळंच खोटं नाही, आणि तुम्ही 'अफवा आहे' म्हणून उडवून लावता तेव्हा लोकांचा संशय वाढतो. क्लोरीन स्वतः नाही, पण पाण्यातल्या पालापाचोळ्याशी, शेवाळाशी, कुजलेल्या मातीशी क्लोरीनची प्रक्रिया होऊन ट्रायहॅलोमिथेन नावाची कुटुंबभर रसायनं तयार होतात, क्लोरोफॉर्म त्यातलंच थोरलं भावंड. रॉटरडॅमच्या योहानेस रूक नावाच्या केमिस्टने १९७४ मध्ये हे दाखवून दिलं. वर्षानुवर्षं असं पाणी पिणाऱ्यांमध्ये मूत्राशयाच्या कॅन्सरचं प्रमाण थोडं जास्त दिसतं असं बऱ्याच अभ्यासांत आलंय, पण त्यामुळेच होतो हे पक्कं ठरलेलं नाही. कॅन्सरवर काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था क्लोरोफॉर्मला 'कदाचित कॅन्सरकारक' या गटात ठेवते, आणि क्लोरीन घातलेल्या पिण्याच्या पाण्याबद्दल १९९१ मध्ये तिने म्हटलं की ठरवण्याएवढा पुरावा नाही. म्हणजे भीतीला आधार आहे पण तो चाळीस वर्षांच्या हिशेबाचा, आणि जुलाबाची भीती उद्या सकाळची.

पण म्हणून त्या चाळीस वर्षांच्या हिशेबाकडे बघायचंच नाही असं कुठंय? अमेरिकेत ही सगळी ट्रायहॅलोमिथेन मिळून लिटरमागे ८० मायक्रोग्रॅमच्या वर चालत नाहीत, युरोपात १००. आपल्या मानकात एकट्या क्लोरोफॉर्मलाच २०० पर्यंत सूट आहे. आणि ती सूट पाळली जाते का, हे आमच्या शहरात शेवटचं कधी मोजलं? मी विचारलं तर लॅबमध्ये एकाने प्रांजळपणे सांगितलं, "सर, आमच्याकडे त्याचं मशीन नाही." त्याच्या प्रांजळपणाबद्दल आभार, खरंच.

यावरचा उपाय क्लोरीन कमी करणं हा नाही, हे मला आता कळलंय, उपाय क्रमाचा आहे. माझी आजी पावसाळ्यात हंड्यात तुरटी फिरवायची, तासभर तसंच ठेवायची, गाळ बसला की वरचं पाणी दुसऱ्या कळशीत काढायची, आणि मग आरोग्यसेविकेने दिलेल्या मेडिक्लोरचे (क्लोरीनच्या औषधाचे) थेंब टाकायची. आधी तुरटी, मग औषध. प्लांटवरही घाण आधी बसवली, फिल्टर केली आणि मग क्लोरीन दिलं तर त्याला खायला पालापाचोळाच उरत नाही, ही रसायनंही कमी होतात आणि क्लोरीनही कमी लागतं. पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की सुरुवातीलाच क्लोरीनचा मारा करायची जी घाई होते ती कमी करता येईल का, एवढंच विचारतोय, तुम्ही इंजिनियर आहात, मी नाही. तोवर लोक काय करू शकतात तर गिझरचं गरम पाणी घेताना बाथरूमची खिडकी उघडी ठेवणं, कारण क्लोरोफॉर्म वाफेबरोबर निघतं आणि बंद बाथरूममध्ये श्वासातून जातं. प्यायचं पाणी उकळलं तर ते उडून जातंच, क्लोरीन पण जातं, म्हणून मग झाकून ठेवायचं आणि त्याच दिवशी संपवायचं. आया 'पाणी शिळं झालं' म्हणून कालचा हंडा धुण्याभांड्याला वापरायच्या त्यात तथ्य होतं बघा.

एका गोष्टीसाठी मात्र थांबून चालणार नाही. आमच्या बी विंगमधले एक काका आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातात. एका वेळेला साधारण १२० लिटर पाणी त्यांच्या रक्ताच्या शेजारून, एका पातळ पडद्यापलीकडून जातं. ते पोटातून जात नाही, त्यामुळे लाळ-आम्ल वगैरे काही मध्ये येत नाही, क्लोरीन किंवा क्लोरामाइन त्यात राहिलं तर तांबड्या पेशी फुटतात. सेंटरवर कार्बनचे फिल्टर असतात, तिथली टेक्निशियन पोरगी प्रत्येक शिफ्टआधी टेस्ट करते, पण ती म्हणाली की पावसाळ्यात डोस अचानक वाढवला की फिल्टर नेहमीच्या आधी संपतो, आणि आम्हाला कुणी सांगत नाही. साहेब, एक मेसेज. 'उद्यापासून डोस वाढवतोय' एवढं तीन शब्दांचं. शहरात डायलिसिस सेंटर्स किती असतील, यादी तुमच्याच आरोग्य खात्याकडे आहे.

अमेरिकेत जर्सी सिटीला १९०८ साली डॉ. जॉन लील नावाच्या माणसाने शहराच्या पाण्यात क्लोरीन टाकायला सुरुवात केली ती कुणालाही न विचारता, न सांगता. नंतर कोर्टात प्रकरण गाजलं आणि निकाल त्याच्या बाजूने लागला. तेव्हा टायफॉइडने माणसं मरत होती, त्याचं न सांगणं समजू शकतो. आता शंभराहून जास्त वर्षं झाली, आता सांगायला हरकत नाही ना.

आणि सांगणं काही अवघड आहे असंही नाही. माझ्या मेव्हण्याच्या गावात, दीड-दोन हजार वस्तीच्या, ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक रोज ओटी टेस्ट करतो आणि वहीत लिहितो. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, पाण्याच्या स्रोतांची पाहणी होते आणि ग्रामपंचायतीला लाल, पिवळं नाहीतर हिरवं कार्ड मिळतं. लाल मिळालं तर सरपंचाची ग्रामसभेत चांगलीच उतरते. मेव्हणा मला फोनवर चिडवतो, "दाजी, तुमच्या वॉर्डाचं कार्ड कुठलं?" माझ्याकडे उत्तर नाही. पाचशेची पाणीपट्टी भरणाऱ्या गावाला कार्ड आहे, आमच्या वॉर्डाला नाही.

तर करायचं काय, तर रोज सकाळी तीन ठिकाणचे आकडे, प्लांटमधून निघताना, मधल्या टाकीवर, आणि लाइनच्या शेवटच्या टोकाच्या नळावर. शेवटचं टोक महत्त्वाचं, कारण प्लांटवर सगळं छानच असतं. ते वॉर्ड ऑफिसच्या बाहेर खडूने लिहा, अॅप नको, पोर्टल नको, त्याचं टेंडर निघून उद्घाटन होईपर्यंत माझी लेक लग्नाची होईल. ट्रायहॅलोमिथेनची टेस्ट बाहेरच्या लॅबकडून का होईना उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यात एकदा करून तिचा कागदही तिथेच चिकटवा, आकडा वाईट आला तरी. वाईट आकडा बघून लोक ओरडतील, आठवडाभर. आकडाच नसला की माझ्यासारखा कुणीतरी मेलेल्या माशाचा फोटो टाकतो.

आमच्या बाजूने टाकी धुतलीये, दर सहा महिन्यांनी धुवायचा ठराव एजीएममध्ये पास झालाय, मोटरवाल्यांपैकी दोघांनी मोटर काढली, चार अजून ऐकत नाहीत, त्यांची नावं तुम्हाला हवी असतील तर देणार नाही, राहायचं त्यांच्यातच आहे. बोअरवाली दोन्ही घरं परत नळावर आली. माझी ओटीची बाटली संपत आलीये, फार तर अजून आठ-दहा दिवस पुरेल. पाणी सकाळी साडेसहाला येतं, मी गेटपाशी असतो.

आपला,
पाणीपट्टी वेळेत भरणारा एक नळधारक